रोज वाढणारी शेकोटी

"मोडला! हाही चमचा मोडला!" फीकरानं वाकडा झालेला चमचा डोक्यावर धरून नाचवला. "ताई, हा सलगम नाहीये, दगड आहे! पॅकीआजोबांनी या वर्षी शेतात दगड पेरलेत!"

"खायला दिला असता तर एव्हाना पोखरून पार केला असतास," सोरखा मान वर न करता म्हणाली. "कोरायचा म्हटल्यावर बरा तो दगड झाला!"

पॅकी डर्कन यांच्या गोठ्यात सलगमांचा ढीग पडला होता आणि त्याभोवती चौकडीतले तिघे बसले होते. सोरखा तेरा वर्षांची. तिनं एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की आख्ख्या किलशॅनाग गावाला ती मनावर घ्यावी लागे. फीकरा तिचा धाकटा भाऊ. त्याचं तोंड दोनच कामांसाठी बंद व्हायचं, चावायला आणि झोपायला. कोपऱ्यात ऊना बटाट्यांच्या रिकाम्या पोत्यांना डोळ्यांची भोकं पाडून मुखवटे शिवत होती. ऊना बोलायची कमी, पण तिच्या हातात सुई आली की पोत्याचासुद्धा राक्षस व्हायचा. चौथा कॅहल. तो जरा संशयी स्वभावाचा. आत्ता तो किनाऱ्यावर शेकोटीचं सामान पाहायला गेला होता.

"दुकानात एवढे छान लाल भोपळे आहेत," फीकरा कुरकुरला. "मऊसूत! लोण्यासारखे!"

"आणि त्यांचे पैसे कोण देणार? तू?"

"भोपळे कालचे पाहुणे रे," दारात पाइप ओढत बसलेले पॅकीआजोबा म्हणाले. "आमच्या वेळी हॅलोविनला, भुतांच्या त्या रात्री, आत दिवा ठेवायला सलगमच कोरायचे. भोपळा दिवा लावला की हसतो. सलगम कसा, खरोखरच्या भुतासारखा दिसतो. सुकायला लागला की आणखी सुरकुततो, माझ्यासारखा!"

हा सगळा खटाटोप सुरू झाला होता शाळेच्या छपरामुळे. सप्टेंबरातल्या वादळानं अटलांटिकचा सगळा वारा जणू शाळेवरच सोडला. छप्पर उडालं, आणि गावानं हॅलोविनसाठी जमवलेला निधी त्याच्या दुरुस्तीत गेला. मग गाव-समितीच्या अध्यक्ष लव्हेलबाईंनी सभेत जाहीर करून टाकलं, "या वर्षी हॅलोविन नाही. हॉटेलचा हॉल नाही, भाड्याचे पोशाख नाहीत, काही नाही. भिकाऱ्यासारखा साजरा करण्यापेक्षा न केलेला बरा!"

सभेत बसलेल्या बालवाडीच्या पोरांचे चेहरे पाहून सोरखाला राहवलं नाही. ती ताडकन उभी राहिली. "हॉल कशाला हवा? किनारा आहे की! आम्ही करतो. एक पैसा न मागता."

लव्हेलबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या त्या बघण्याला गावातले दणकट कोळीही वचकून असत. "शेकोटीही करणार असशील?"

"शेकोटीशिवाय हॅलोविन कसला?"

"मग पोलीस सार्जंटकडून परवानगी मी माझ्या नावावर घेते. पण अट ऐक. शेकोटीत फक्त लाकूडफाटा. एक जरी टायर त्यात सापडला तर शेकोटी रद्द. आणि पोरांच्या हातात हॅलोविन द्यायचा विषय कायमचा बंद."

"एकही टायर नसेल. माझा शब्द!" सोरखा म्हणाली होती.

तेव्हापासून गावातली सगळी लहान मुलं तिला रस्त्यात गाठून विचारायची, "खरंच होणार ना गं?" आणि ती प्रत्येकाला छातीठोकपणे सांगायची, "होणार म्हणजे होणार!"

एवढ्यात कॅहल धापा टाकत गोठ्यात शिरला.

"चोर! आपल्या शेकोटीवर चोर येतो!"

"काय नेलं?" सोरखा उडालीच. शेजारच्या गावची पोरं दर वर्षी लाकडं पळवायची, त्यामुळे रोज जाऊन ढीग पाहायचा रिवाजच होता.

"नेलं काहीच नाही. आणून ठेवलंय!"

"काय?"

"ढीग वाढलाय. काल माझ्या खांद्याएवढा होता. आज माझ्या डोक्याच्या वर गेलाय!"

फीकरानं आनंदानं सलगमच हवेत उडवला. "मग ओरडतोस काय मूर्खासारखा? फुकटचं मिळतंय! असे चोर रोज येवोत!"

"कुठला चोर आणून ठेवतो रे?" कॅहल म्हणाला. "मला हे काही पटत नाही."

"तुला तर वाढदिवसाचा केकही पटत नाही. आत काय घातलंय म्हणून विचारतोस!"

पण सगळे उठलेच. सायकली दामटत ते निघाले. वाटेत मागून जीपचा भोंगा वाजला. गॅरेजवाला मॉसीकाका! हा लालबुंद गालांचा माणूस सगळ्या गावाचा लाडका होता. पोरांच्या फुटबॉल संघाचे शर्टसुद्धा त्यानंच दिलेले.

"काय रे कंजूष कंपनी!" त्यानं खिडकीतून हात हलवला. "शेकोटी केवढी झाली?"

"मोठ्ठी!" फीकरा ओरडला.

"अजून मोठी करा! मोठ्या आगीत सगळं खपतं!" मॉसीकाका खदाखदा हसला आणि धूळ उडवत पुढे गेला.

किनाऱ्यावर, दगडी कुंपणाच्या पलीकडे, त्यांचा ढीग उभा होता. त्यांनी स्वतः रचलेलं सामान त्यांना पाठ होतं. समुद्रानं आणून टाकलेल्या फळ्या, टेकडीवरची काटेरी झुडपं, मासळीची मोडकी खोकी. त्या सगळ्यावर आता हिरव्यागार फांद्यांचा जाडजूड थर होता.

"किती छान!" ऊना म्हणाली.

"छान आहे, पण ओलं आहे," कॅहल म्हणाला. "शेकोटीला ओला पाला कोण देतं? झाकायलाच देतं कुणीतरी." त्यानं एक फांदी बाजूला ओढली. मग दुसरी. मग त्याचा हात थांबला.

आत टायर होते. काळेकुट्ट, एकावर एक रचलेले. त्यांच्यामागे एक गंजलेला ड्रम होता आणि त्याच्या बुचातून काळं, चिकट तेल ओघळत होतं. त्या वासानं फीकरानं नाक दाबून धरलं.

सोरखाच्या तोंडचं पाणी पळालं. हे पेटलं असतं तर? बालवाडीची पोरं हातात हात धरून शेकोटीभोवती गोल करतात. आणि हा ड्रम आत, आगीच्या पोटात!

"लव्हेलबाईंना सांगायला हवं," कॅहल म्हणाला.

"सांगितलं की संपलं! एक जरी टायर, असं म्हणाल्या होत्या त्या."

"मग वाळूत पुरून टाकू," फीकरा म्हणाला. "कुणाला कळणारसुद्धा नाही!"

"आणि समुद्रात तेल जाऊ दे? शहाणाच आहेस!" सोरखा ओठ चावत उभी राहिली. खरं सांगायचं तर तिलाही क्षणभर तो मोह झाला होता. "आधी हे सगळं बाहेर काढू आणि कुंपणामागे ठेवू. मग कुणी आणलं ते शोधू. नाव हातात आलं की मी स्वतः बाईंकडे जाईन."

टायर ओढता ओढता चौघांची दमछाक झाली. ड्रम तर जागचा हलेना. शेवटी फळीवरून घरंगळत न्यावा लागला. काळ्या हातांनी घाम पुसल्यामुळे चौघांचे चेहरे मुखवट्याशिवायच भुतासारखे दिसायला लागले.

कॅहल मात्र त्या हिरव्या फांद्या निरखत बसला होता.

"ही झाडं आपल्याकडे कुठे आहेत?" तो अचानक म्हणाला.

"झाडं? किलशॅनागात?" फीकरा हसला. "इथल्या वाऱ्यात आजोबांची टोपी टिकत नाही, झाड काय टिकणार!"

"तेच म्हणतोय. आख्ख्या गावात एकच उंच हिरवं कुंपण आहे, सुरूसारख्या झाडांचं. गॅरेजच्या मागे."

मॉसीकाका? छे! पण पाय आपोआप गॅरेजकडे वळले.

मागच्या बाजूला ते कुंपण नुकतंच छाटलेलं होतं. पांढरी, ताजी टोकं उघडी दिसत होती. आणि त्याच्या आडोशाला जिथे वर्षानुवर्षं टायरांचा डोंगर असायचा, तिथे मोकळं मैदान! गवतावर पिवळी पडलेली गोल गोल वर्तुळं तेवढी उरली होती.

"तो बघ," ऊना कुजबुजली.

ट्रॉलीत उरलेले टायर आणि आणखी दोन ड्रम चढवून ठेवले होते. वर ताडपत्री होती, पण वाऱ्यानं तिचं एक टोक उडत होतं. आतून मॉसीकाकाचा आवाज आला. तो फोनवर कुणाशी तरी बोलत होता. "शेवटची खेप हॅलोविनच्या संध्याकाळी. सगळे घरात जेवत असतात तेव्हा. पेटली की झालं, राखेत कोण बघतंय!"

चौघं वाकून, चोरपावलांनी परतले. गोठ्यात पोचेपर्यंत फीकराचे डोळे भरून आले होते. "तो आपल्याला शर्ट देतो," तो म्हणाला. "आणि आपल्याच शेकोटीत...!"

"आपण सांगितलं तर तो हसून उडवून लावेल," कॅहल म्हणाला. "आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवतील. आपण कोण? कंजूष कंपनी!"

"मग त्याच्याच तोंडून वदवायचं," सोरखा म्हणाली. "पण कसं?"

पॅकीआजोबा सगळं ऐकत होते. त्यांनी पाइप झटकला. "आमच्या तरुणपणी हॅलोविनला गावात एक फाटक जागेवर राहायचं नाही. पोरं बिजागरीवरून फाटकं उचलायची आणि भलतीकडे नेऊन लावायची. सकाळी माणसं आपापली फाटकं शोधत गावभर हिंडायची! मी एकदा पाद्रीबाबांचं फाटक नेऊन दारूच्या गुत्त्याला लावलं होतं."

"आजोबा!" ऊनाला हसू आवरेना.

सोरखा मात्र हसली नाही. तिचे डोळे चमकले. "आजोबा, किनाऱ्याच्या वाटेला पूर्वी फाटक होतं ना?"

"होतं की. उन्हाळ्यात पाहुण्यांच्या गाड्यांसाठी काढून ठेवलं. या गोठ्यामागेच टेकवलंय. खांब आणि खुंट्या अजून जागेवर आहेत."

"वाट एकच. आत जायची तीच, बाहेर यायची तीच," सोरखा हळूहळू म्हणाली. "तो आत गेला की..."

"फाटक लावायचं!" फीकरा किंचाळला.

"हळू! आणि फाटकापाशी आपण उभे राहायचं. सोंगं घेऊन."

सोंगाचा नियम किलशॅनागात तान्ह्या पोरालाही ठाऊक होता. मुखवटा घालून दारात आलेल्यानं बोलायचं नाही. घरच्यांनी त्याला ओळखायचं. ओळखलं तर मुखवटा उतरवायचा, नाही ओळखलं तर तो मागेल ते द्यायचं. हॅलोविनच्या संध्याकाळी या नियमापुढे सार्जंटचंही चालत नसे.

हॅलोविनचा दिवस उजाडला. घराघरांतून कोबी घालून घोटलेल्या बटाट्याचा वास येत होता. मनुका घातलेले ब्रॅक-पाव भट्टीतून निघत होते. त्यांच्या पोटात अंगठी दडवलेली असते आणि ती ज्याला सापडेल त्याचं लग्न लवकर होतं म्हणतात, त्यामुळे फीकरा प्रत्येक पावाकडे संशयानं बघत होता. बालवाडीची पोरं आईच्या जुन्या पडद्यांत आणि बाबांच्या फाटक्या स्वेटरांत गुंडाळून आरशासमोर उड्या मारत होती. कुणीही दुकानातून काही आणलं नव्हतं, आणि खरं सांगतो, इतकी झकास भुतं गावानं कधी पाहिली नव्हती!

सूर्य पाण्याला टेकला तसा मॉसीकाकाच्या जीप-ट्रॉलीचा खडखडाट आला. कुंपणाआड दबा धरून बसलेल्या पोरांनी माना आणखी खाली घातल्या. ट्रॉली खांबांमधून आत गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

"आता!"

सोरखा, कॅहल, फीकरा आणि पॅकीआजोबांनी फाटक उचललं. लोखंड असं जड, की फीकराचे गाल फुगून लाल झाले. "सावकाश... वर... अजून वर... सोडा!" खुंट्यांवर फाटक कुरकुरत बसलं. आजोबांनी साखळी गुंडाळली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून ते कुंपणामागे जाऊन बसले.

ऊना तोवर पोत्याचा मुखवटा चढवून लव्हेलबाईंच्या दारात पोचली होती. तिथे सार्जंटही चहा घेत बसला होता. बाईंनी दोनदा चुकीचं नाव घेतलं. नियमाप्रमाणे आता सोंगाला हवं ते मिळायला हवं. ऊनानं एका हातानं बाईंची बाही धरली, दुसऱ्या हातानं सार्जंटची, आणि दोघांना ओढतच बाहेर काढलं.

"अगं, चपला तरी घालू दे!" बाई ओरडत होत्या.

इकडे मॉसीकाका शीळ घालत परतला आणि खाडकन ब्रेक दाबला.

समोर फाटक! आणि फाटकापलीकडे तीन उंच आकृत्या. आजोबांचे जमिनीपर्यंत लोंबणारे कोट, पोत्यांचे तोंडवळे, आणि काठ्यांवर सलगमाची वेडीवाकडी मुंडकी, आतून लाल पेटलेली. कोटाखाली दुधाचे क्रेट आहेत हे त्या संधिप्रकाशात कळायला मार्ग नव्हता.

"हा हा! छान हं, छान!" मॉसीकाका उतरला. "उघडा आता."

कुणी हललं नाही.

"अरे, घाईत आहे मी. बरं, बरं! ओळखायचं ना? तू पॅकी!"

डावं पोतं नकारार्थी हललं.

"मग तू... फुटबॉलवाला डेक्लन!"

उजवं पोतंही हललं. त्या पोत्याच्या आत फीकरानं हसू दाबायला स्वतःची जीभ दातांखाली धरली होती.

मॉसीकाकानं मधल्या आकृतीकडे पाहिलं. ती सगळ्यांत उंच, ताठ. आता त्याच्या कपाळावर घाम आला. मनात चोर असला की माणसाला जिथे तिथे पोलीस दिसतो.

"सार्जंट...?" तो हळूच म्हणाला.

मधलं पोतं हललं नाही. होही नाही आणि नाहीही नाही.

झालं! मॉसीकाकाची पाचावर धारण बसली. "सार्जंट, ऐक ना! थोडेसेच टायर आहेत. आणि दोन-तीन ड्रम, गाड्यांचं जुनं तेल. ते नीट नेऊन टाकायचं म्हणजे किती पैसे घेतात, तुला तर ठाऊक आहे! पोरांची शेकोटी होणारच होती, म्हटलं जाईल जळून. आणि धूर झालाच तर ते पोरांच्या नावावर जाईल. पोरांना काय, कोण बोलणार आहे?"

"आम्हाला सगळेच बोलतात!" उजवं पोतं ओरडलं आणि क्रेटवरून धप्पकन खाली पडलं.

"फीकरा?" मॉसीकाकाचा जबडा खाली आला.

"आत्ता कुठे एक बरोबर ओळखलंस, मॉसी," कुंपणामागून आवाज आला. खराखुरा सार्जंट उठून उभा राहिला. त्याच्या शेजारी लव्हेलबाई होत्या, घरातल्या सपाता घालून.

मॉसीकाकानं जीपकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

"उद्या सकाळी ठाण्यावर ये," सार्जंट म्हणाला. "आणि आत्ता, तू जे टाकलंस ते तुझ्या हातांनी पुन्हा ट्रॉलीत चढव. एकट्यानं."

सोरखानं मुखवटा उतरवला. ती सरळ लव्हेलबाईंसमोर गेली. "बाई, टायर आधीही सापडले होते. आम्ही ते कुंपणामागे काढून ठेवलेत. तुम्हाला लगेच सांगितलं नाही. शेकोटी रद्द कराल म्हणून भ्याले."

लव्हेलबाईंचा चेहरा जराही हलला नाही. "अट आठवते ना?"

"आठवते."

"हं," एवढंच म्हणून त्या वळल्या आणि सपाता फटफटवत गावाकडे निघून गेल्या.

"परवानगी त्यांनी मागितलीय," सार्जंट डोकं खाजवत म्हणाला. "त्या हो म्हणेपर्यंत मला काडी ओढू देता येणार नाही, बेटा. माफ कर."

फीकरा रडवेला झाला. "संपलं! सगळं संपलं!"

सोरखानं बाह्या सरसावल्या. "पेटो न पेटो, तो ढीग स्वच्छ करायचाच. पार तळापर्यंत. लहान पोरं जवळ येणार, त्यात एक खिळ्याएवढं रबर राहायला नको."

"आख्खा ढीग उपसायचा?" कॅहलनं विचारलं.

"आख्खा!"

आणि ते कामाला लागले. थोड्याच वेळात वाटेवर दिवे दिसायला लागले. आख्खं गाव सोंगं घेऊन येत होतं. पडद्यातली भुतं, पिशवीतले राक्षस, मासळीच्या जाळ्यात अडकलेल्या चेटकिणी, आणि प्रत्येकाच्या हातात सुरकुतल्या सलगमाचा दिवा. शेकोटी पेटलेली नाही, उलट पोरं ती उपसताहेत, हे पाहून सगळे थबकले. पॅकीआजोबांनी झालं ते सांगितलं.

लोकांनी लगेच रांग धरली. फळी या हातातून त्या हातात जाऊ लागली. झुडपं झटकून, तपासून पुन्हा रचली जाऊ लागली. तळाशी एक जाहा, साळिंदरासारखा काटेरी पण मुठीएवढा प्राणी, झोपलेला सापडला. ऊनानं त्याला मुखवट्यात गुंडाळून आजोबांच्या गोठ्यात पोचवलं. रांगेत सगळ्यांत जोरात काम करत होतं ते कोळशाच्या पोत्यातलं एक सोंग. रबरी बूट, हातात जाड मोजे, आणि फळ्या अशा उचलत होतं, की डेक्लनलाही लाज वाटावी. त्यानं टायरांचे शेवटचे दोन तुकडेही वाळूतून शोधून काढले.

ढीग पुन्हा उभा राहिला. पहिल्यापेक्षा उंच, आणि आत लाकडाशिवाय काही नाही. बालवाडीची पोरं गोल करून उभी राहिली. "पेटव ना, सोरखा! पेटव ना!"

सोरखानं वाटेकडे पाहिलं. लव्हेलबाईंचा पत्ता नव्हता. "नाही पेटवता येत," ती म्हणाली. "बाईंनी हो म्हटलेलं नाही. मी तुम्हाला शब्द दिला होता. चुकले."

तेवढ्यात ते कोळशाचं सोंग पुढे आलं आणि तिच्यासमोर उभं राहिलं. हात कमरेवर ठेवून ते ओळखायची वाट पाहत होतं.

"आत्ता नको ना," सोरखा म्हणाली.

"मी ओळखतो!" फीकरा पुढे झाला. "बोटीवरचा शेमस!"

सोंगानं मान हलवली.

"पोस्टमन! पाद्रीबाबा!"

नाही, नाही.

"हरलो," सोरखा म्हणाली. "काय हवं ते माग."

काळ्या मोज्यांनी पोतं वर सरकवलं. काजळीनं माखलेला चेहरा, विस्कटलेले पांढरे केस, आणि नाकावर तिरका झालेला चष्मा!

"लव्हेलबाई!" आख्खा किनारा ओरडला.

"मग काय, सपाता घालून फळ्या उचलू?" बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती आणि त्या हसत होत्या. कुणी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "अट होती, शेकोटीत टायर सापडला तर रद्द. मी स्वतः तळापासून पाहिलीय. शेकोटीत टायर नाही. आणि सोरखा, पेटणार नाही असं वाटत असतानाही तू ती साफ करायला घेतलीस, हे मी घरी जाता जाता मागे वळून पाहिलं. एवढी वर्षं समितीच्या खुर्चीत बसून मी हॅलोविनची बिलं भरली. हॅलोविन केला तो आज पहिल्यांदा!"

सार्जंटनं टोपी काढली. पॅकीआजोबा डोळे पुसत पाइपच्या धुराला दोष देत होते.

"आता मी काय मागायचं ते मागते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी काडेपेटी सोरखाच्या काळ्या तळहातावर ठेवली. "पेटव!"

काटेरी झुडपांनी तडतडत पेट घेतला. ज्वाळा उंच गेल्या, आणि त्यांच्यावर उठणारा धूर पांढराशुभ्र होता. बालवाडीच्या पोरांनी हात धरले, गोल फिरायला सुरुवात झाली, आणि पहिल्याच फेरीत त्यांनी सोरखाला आत ओढून घेतलं.